मधल्या दोन महिन्यांचं काय?

पाचवी-आठवीची परीक्षा परत आल्याने ढकलपास (म्हणजे नापास न करता पुढच्या वर्गात ढकलणं) थांबेल, असं मत मांडलं जातं. ते मला अर्धंच पटतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यात फक्त परीक्षा नाही. नापास मुलाला आधी जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, असं कलम १६ सांगतं. आपल्याकडे निकाल लागतो १ मेच्या आसपास आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे हे शिकवणं भर उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायला हवं. दोनशिक्षकी शाळेत ते कोण करणार, त्याचं मानधन कुठून येणार? खरा प्रश्न इथे आहे, आणि चर्चा मात्र गुणांवरच अडकते.

शाळांना देणगीत मिळणाऱ्या टॅबचंही तेच. वस्तू एकदाच मिळते, पण वीजबिल, नेट, दुरुस्ती दरवर्षी लागते. त्याची तरतूद नसेल तर टॅब कपाटातच राहणार.

पैशाचा हा प्रश्न जुनाच. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे! निदान नापास मुलांच्या मे महिन्यातल्या जादा वर्गांसाठी वेगळा निधी मागूया. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी हा विषय येत्या बैठकीत जरूर मांडावा.