मदत हवी आहे : केटल ग्रिलला राखेची उघडी ताटली बरी की बंद डबा?

मंडळी, जळगावात गच्चीवर वापरायला ५७ सेंमीची कोळशाची केटल ग्रिल (गोल, झाकणाची शेगडी) घ्यायची आहे. गाडी राखेपाशी अडली आहे. वेबर कंपनीच्या 'ओरिजिनल' केटलला खाली उघडी ताटली येते, 'प्रीमियम'ला काढता येणारा बंद डबा. दोन्हींत दांडा हलवला की आतली पाती राख तळाच्या भोकांतून खाली ढकलतात. हवा येते तीही त्याच भोकांतून, म्हणजे राख तुंबली की विस्तव मंदावणार.

माझा ओढा डब्याकडे. उन्हाळ्यातलं आपलं वारं माहीतच आहे. ताटलीतली राख शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली, तर भरीत खाऊ घालूनही भागायचं नाही!

पण भरताची वांगी मी निखाऱ्यांवर थोड्या कपाशीच्या काड्या टाकून भाजणार. त्यांची राख हलकी, भुसभुशीत. ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) वापरल्या तर लाकडी कोळशापेक्षा राख जास्तच. डबा एका बैठकीला पुरतो का? मध्येच ओतायची वेळ आली तर गरम डबा काढता कसा? आणि पावसाळ्यात आत राहिलेली राख ओलावा धरून धातू खाते, त्यावर काय करता? दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी जरूर सांगा. स्थानिक फॅब्रिकेटरकडून साध्या ताटलीला कडं लावून घेतलेलं कुणी आहे का?