गतिरोधकासाठी नेमका अर्ज कुणाकडे करायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातल्या आमच्या ले-आऊटमधला आतला रस्ता सिमेंटचा झाला आणि तेव्हापासून गाड्या सुसाट निघतात. रिंग रोडचा सिग्नल चुकवायला लोक इकडूनच घुसतात. शाळा सुटायच्या वेळी तर जीव मुठीत धरावा लागतो, कारण फुटपाथचे गट्टू उखडले आहेत आणि उरलेल्या जागेत गाड्या उभ्या असतात. म्हातारी माणसं भर रस्त्यातून चालतात.

नागपुरात काही रस्ते मनपाचे, काही नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यास), काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आमचा नेमका कुणाचा, हेच कुणी सांगत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात.

शेजारी म्हणतात, वर्गणी काढून आपणच गतिरोधक टाकू. मला ते पटत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याची रुंदीही ठरलेली असते, शिवाय आधी सूचनाफलक आणि पांढरे पट्टे लागतात. मनाने घातलेल्या उंचवट्यावर रात्री दुचाकीवाला पडला तर?

माहिती अधिकारात रस्त्याची मालकी विचारणार आहे. कलम ६(३) प्रमाणे अर्ज योग्य कार्यालयाकडे वळवावा लागतो, म्हणून हाच मार्ग बरा वाटतो. तुमच्या वस्तीत रीतसर गतिरोधक मंजूर झाला असेल तर सांगा: वाहतूक पोलिसांचं पत्र आधी लागलं का? सह्यांचं निवेदन कुणाच्या नावे दिलं? अर्जाचा नमुना असल्यास कृपया टाका.