डेटाबेस जोडला जात नाही: आधी रीस्टार्ट की आधी एरर?

अंबडकर
काल अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचचं सॉफ्टवेअर अडलं. गेटवर दोन ट्रक उभे. मी पोचेपर्यंत तिथल्या पोराने मायएसक्यूएल, म्हणजे मागचा डेटाबेस सर्व्हर, तीनदा बंद-चालू केलं होतं. वीसेक मिनिटं चालायचं, की पुन्हा ठप्प. स्क्रीनवर एररचा नंबर १०४० लिहिलेला, पण वाचला कोणीच नव्हता. १०४० म्हणजे कनेक्शनच्या जागा भरल्या, १०४५ म्हणजे यूजर-पासवर्डचा घोळ, २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. नंबर वाचल्याशिवाय रीस्टार्टला हात लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पिंपळगाव पॅकहाऊस
नाही पटत भाऊ. द्राक्षाचा सीझन, कंटेनर दारात आणि पॅलेटची लेबलं निघत नाहीत. अशा वेळी लॉग वाचत बसू? रीस्टार्टने दोन मिनिटांत काम सुरू होतं. तपास रात्री करू की.

अंबडकर
रात्री तपासणार काय? रीस्टार्ट केलं की प्रोसेसलिस्ट, म्हणजे कोण कुठून जोडलंय ती यादी, रिकामी. मूळ सेटिंगला १५१ कनेक्शनं असतात. ती भरली तरी अ‍ॅडमिनसाठी एक जागा राखीव असते. तिथून शिरून 'शो प्रोसेसलिस्ट' मारायला अर्धं मिनिट पुरतं. काल त्यात ओळीमागून ओळ 'स्लीप', म्हणजे जोडलेलं पण काही न करणारं कनेक्शन, आणि सगळ्या एकाच स्कॅनिंगच्या पीसीवरून! दर बॉक्सला प्रोग्राम नवं कनेक्शन उघडायचा आणि बंद करायचाच नाही. वेट टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळाने तोडायचं ती मर्यादा) २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास ते तसंच लटकणार. झोपलेली कनेक्शनं किल केली, ट्रक निघाले.

सातपूरचा डीबीए
राखीव जागेचं खरं, पण प्रोग्रामच रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या अ‍ॅडमिन यूजरने, जोडलेला असेल तर तीही तोच खाऊन टाकतो. छोट्या कारखान्यांत हे सर्रास दिसतं. प्रोग्रामला वेगळा, कमी अधिकारांचा यूजर द्याच.
आणि २००३ ला रीस्टार्ट बऱ्याचदा फुकट जातं. वीज गेली, आली, राउटरने सर्व्हरला नवा आयपी दिला. प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. 'रिफ्यूज्ड' झटकन आलं तर मशीन बहुधा जागेवर आहे, मायएसक्यूएलच्या ३३०६ पोर्टवर कोणी ऐकत नाही. तेव्हा मायएसक्यूएल बंद पडलंय का बघा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला तर आधी पत्ता आणि फायरवॉल.

पिंपळगाव पॅकहाऊस
आमचाही प्रोग्राम रूटनेच जोडलाय, तो आज बदलून घेतो. प्रोसेसलिस्टचा फोटोही काढून ठेवीन. पण लगेच उलगडा झाला नाही, तर कंटेनर उभा ठेवून मी शोधत बसणार नाही. फोटो काढून रीस्टार्टच करणार.

अंबडकर
फोटो काढलात तर माझी हरकत नाही. तो इथे टाका, बघू कोणता पीसी आहे ते.