‘नाकाला फेस’ कुठून येतो?

वाक्प्रचार डोक्यात एकच लांबलचक शब्द म्हणून साठतो, असं एक मत आहे. अर्धंच खरं. स्विनी आणि कटलर या भाषा-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये तसं मांडलं, कारण वाक्प्रचार साध्या शब्दसमूहांपेक्षा चटकन ओळखले जात होते. पण बोलण्याच्या घाईत ‘नाकी नऊ’ आणि ‘तोंडाला फेस’ मिसळून ‘नाकाला फेस आला’ निघतं. गठ्ठा अभेद्य असता तर असा मधोमध फुटला नसता. कटिंग आणि बॉक यांच्या १९९७ च्या प्रयोगांत वाक्यरचना सारखी असली की ही भेसळ वाढली.

ऐकताना कळीचा शब्द, म्हणजे ज्यावरून वाक्प्रचार ओळखू येतो तो, येईपर्यंत शब्दशः अर्थच चालू असतो, असं काच्चारी-ताबोस्सींचं म्हणणं (१९८८). ‘तोंडाला पाने’ क्रियापदाआधीच कळतं. ‘पाठ दाखवली’ मात्र शेवटपर्यंत लटकतं. डॉक्टरला की शत्रूला?

गोव्यातल्या डिचोली-पेडण्यात घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना मराठी वाक्प्रचार वाचायला किती वेळ लागतो हे तपासायचं तर क्रियापद गाळून वाक्य आधी पुरं करून घ्या. ‘तोंडाला पाने’नंतर ‘पुसली’ ज्याला सुचतच नाही त्याचा वाचनवेळ बाजूला काढा, नाहीतर अनोळखीपणालाच आपण ‘मंद प्रक्रिया’ समजून बसतो. आणि ही चाळणी वेगळ्या दिवशी. त्याच तासाला घेतली तर उत्तरं ताजीच असतात.