शब्दचर्चा: 'त्रयस्थ' लुडबूड करू शकतो का?

रेघोटी
खेळातल्या कारभारावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकले आहे. ऑगस्ट २०२२मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, त्याचं कारण त्यांनी 'अनड्यू इन्फ्लुअन्स फ्रॉम थर्ड पार्टीज' असं दिलं होतं. मी लिहिलं, 'त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप'. तपासणाऱ्या बाईंनी लाल गोल करून शेरा मारला: 'त्रयस्थ हस्तक्षेप करत नाही. करतो तो त्रयस्थ नव्हे.' मग 'तिऱ्हाईत' सुचवला, तर म्हणाल्या हा शब्द आता कोणाला कळतो. काय लिहू?

जुनी वही
बाईंचं बरोबर आहे. त्रयस्थ ही वृत्ती आहे, तिऱ्हाईत हा माणूस आहे. 'जरा त्रयस्थपणे विचार कर' म्हणतो आपण. माझी आजी 'तिऱ्हाइतासमोर घरचं बोलू नये' म्हणायची, तिथे 'त्रयस्थासमोर' घालून बघा, कसं तरीच वाटतं.

कलमबहाद्दर
वृत्तीबित्ती काही नाही. गाडीच्या विम्याचे कागद काढा. त्यात त्रयस्थ पक्ष म्हणजे जो बिचारा गाडीखाली येतो तो. त्याची वृत्ती कोणी विचारत नाही. करार दोघांचा असतो, उरलेला तो त्रयस्थ. फिफाच्या नियमावलीतही एवढंच आहे. फिफा आणि सदस्य महासंघ हे दोघे आतले, मग सरकार असो, न्यायालय असो, सगळे तिसरे. आणखी गंमत म्हणजे या तिसऱ्याने ढवळाढवळ केली आणि त्यात महासंघाचा काडीचा दोष नसला, तरी शिक्षा महासंघालाच होऊ शकते, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

रेघोटी
@जुनी वही, पण माझे काका नेमकं उलटं म्हणायचे. 'कोणत्याही तिऱ्हाइताला विचार, तोही माझ्याच बाजूने बोलेल.' म्हणजे तिऱ्हाईतसुद्धा निष्पक्ष झाला की!

अर्धा कप
थांबा. २०२२च्या प्रकरणात तिसरा कोण होता? महासंघाच्या अध्यक्षांची मुदत डिसेंबर २०२०मध्येच संपली होती, तरी निवडणूक होत नव्हती. म्हणून मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन जणांची प्रशासक समिती नेमली. हे तिघे कोणाच्याच बाजूचे नाहीत म्हणूनच नेमले गेले ना? म्हणजे आपल्या अर्थाने ते अस्सल त्रयस्थ, आणि नेमकं त्यांनाच फिफाने 'थर्ड पार्टी' म्हटलं. रेघोटीचं वाक्य चुकलेलं नाही, उलट जरा जास्तच अचूक आहे :)

देशीवादळ
किती तो संस्कृतचा सोस. त्रयस्थ, हस्तक्षेप, अवाजवी! सरळ लिहा: 'बाहेरच्यांची नसती लुडबूड'. संपलं. फिफाला नेमकं तेच म्हणायचं होतं.

कलमबहाद्दर
संस्कृत म्हणून झोडपताय त्या यादीत 'अवाजवी'सुद्धा घातलात? त्यातला 'वाजवी' अरबीतून, फारसीच्या वाटेने आलाय. आणि न्यायालयाच्या आदेशाला 'लुडबूड' लिहून बघा, मग आम्ही तुम्हाला भेटायला येऊ.

देशीवादळ
अरबी तर अरबी, मराठीत मुरलाय. तुमचा 'त्रयस्थ' तरी संस्कृतात सापडतो का? तिथे तटस्थ आहे, मध्यस्थ आहे. त्यांच्या तालावर आपण हा घरी शिवलेला वाटतो. आणि तिऱ्हाईत हा पंचाईतचा भाऊ. पाच जण बसले की पंचाईत, तिसरा आला की तिऱ्हाईत.

जुनी वही
पंचाईत हा प्रसंग झाला, तिऱ्हाईत हा माणूस. भाऊ कसले, शेजारीसुद्धा नाहीत. मला वाटतं 'तिहाई'शी नातं असावं, तिसऱ्या हिश्श्याचा धनी.

देशीवादळ
मग मधला 'ऱ्ह' काय तबलजीने वाजवला?

ऑफसाइड
व्युत्पत्ती चालू द्या. मी फुटबॉलवाला, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, म्हणून न्यायालयाने २२ ऑगस्टला ती समिती गुंडाळली आणि २६ला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. भाजपचे कल्याण चौबे, जे माजी गोलरक्षकही आहेत, ते ३३ विरुद्ध १ मताने अध्यक्ष झाले, बायचुंग भूतिया हरले. आधीचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, तेही राजकारणीच. फिफाने यातल्या कशालाही हरकत घेतली नाही. म्हणजे नेता आत बसला की तो पार्टी, बाहेरून बोलला की थर्ड पार्टी. या भेदासाठी मराठीत शब्द शोधा, 'त्रयस्थ'चं नंतर बघू.

दुसरी गोष्ट फिफाच्या स्वतःच्या घरातली. रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान विताली मुत्को फिफाच्या मंडळावर आधीपासून होते. मार्च २०१७मध्ये फिफाच्याच कारभार समितीने त्यांना पुन्हा उभं राहायला अपात्र ठरवलं, कारण दिलं राजकीय तटस्थतेचं. या समितीचे अध्यक्ष होते मिगेल मादुरो, पोर्तुगालचे कायदेतज्ज्ञ. मे महिन्यात बहरीनमधल्या मनामाच्या अधिवेशनात त्यांचंच पद गेलं. नीतिसमितीच्या दोन्ही कक्षांचे (एक तपासाचा, एक निवाड्याचा) प्रमुख, बोर्बेली आणि एकर्ट, त्यांनाही त्याच वेळी बदललं. ही माणसं फिफाने 'इंडिपेन्डन्ट' म्हणून बाहेरून आणलेली. 'इंडिपेन्डन्ट'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धा कप
त्रयस्थ!

कलमबहाद्दर
स्वतंत्र. प्रत्येक गोष्टीला त्रयस्थ म्हणू नका.

अर्धा कप
'त्रयस्थ लेखापरीक्षण' म्हणतोच ना आपण? बाहेरच्याकडून करून घेतलेलं ते. म्हणजे एकाच संस्थेत बाहेरचा माणूस आपण बोलावला तर तो इंडिपेन्डन्ट, न बोलावता आला तर थर्ड पार्टी. इंग्रजीने दोन शब्द करून हे लपवलं, मराठीत एकच असल्यामुळे उघडं पडतंय. मी तर म्हणतो, 'त्रयस्थ'च ठेवा.

खोडरबर
ऑफसाइड 'नीतिसमिती' लिहून गेले म्हणून आठवलं. १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने एथिक्स कमिशन नेमलं, सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिम्पिक मिळावं म्हणून समितीच्या सदस्यांना लाच दिल्याचं उघड झाल्यावर. २०१३ साली एका मासिकासाठी मी त्याचं भाषांतर 'नीती आयोग' केलं होतं आणि स्वतःवरच खूष झालो होतो. दोन वर्षांत दिल्लीत दुसराच नीती आयोग आला. तो लेख परत छापायची वेळ आली तेव्हा सगळीकडे 'सदाचार आयोग' केलं. वाचणाऱ्या पहिल्याच माणसाने विचारलं, हे कुठलं संस्थान?

जुनी वही
दिल्लीचा तर इंग्रजी आद्याक्षरांचा, त्याचा नीतीशी संबंध नाही. (टोमणा नाही, वस्तुस्थिती.) 'आचारसंहिता समिती' का नको?

खोडरबर
आचारसंहिता म्हटलं की लोकांना निवडणूकच आठवते. 'आचारसंहिता लागली' म्हणजे उद्घाटनं बंद.

देशीवादळ
सॉल्ट लेकमध्ये सदस्यांनी घेतलेल्याला तरी एक नाव द्या. मुलांच्या कॉलेजची फी, दवाखान्याचा खर्च, भेटवस्तू. त्यातून सहा जणांची हकालपट्टी झाली, चौघांनी आधीच राजीनामे दिले. ही लाच नाही, हा नजराणा. चिरीमिरी खालच्याची असते, नजराणा वरच्याचा.

ऑफसाइड
नजराणा उघड्यावर, दरबारात देतात. हे दाराआड होतं. मार्क होडलर नावाच्या त्यांच्याच एका स्विस सदस्याने डिसेंबर १९९८मध्ये तोंड उघडलं नसतं तर दारही उघडलं नसतं. आणि होडलर आतलेच होते. त्यांना कोणी त्रयस्थ म्हणणार नाही.

जुनी वही
घरभेदी!

अर्धा कप
छे, घरभेदी म्हणजे शत्रूला सामील झालेला. याने घर झाडलं.

जुनी वही
ज्यांची पदं गेली त्यांना विचारा तो कोण होता.

कलमबहाद्दर
आता 'व्हिसलब्लोअर'साठीच्या 'जागल्या'वर वेगळा धागा निघणार, मी आधीच सांगतो, मला तो शब्द पटत नाही.

रेघोटी
मंडळी, मजकूर सकाळी द्यायचाय. त्रयस्थ, तिऱ्हाईत, परका, बाहेरचा, चारही लिहून पाहिले. तूर्त 'बाहेरील घटकांचा अवाजवी हस्तक्षेप' असं केलंय. बाईंना बहुधा चालेल.

देशीवादळ
'घटक'! म्हणजे जीवनसत्त्वं.

खोडरबर
एक विचारू? मूळ मजकुरात इन्फ्लुअन्स आहे की इंटरफिअरन्स?

रेघोटी
इन्फ्लुअन्स.

खोडरबर
मग हस्तक्षेप कसा? तो प्रभाव झाला. हस्तक्षेपात हात दिसावा लागतो.

कलमबहाद्दर
प्रभाव सूर्याचा, संतांचा. हा दबाव.

रेघोटी
बाईंचा फोन येतोय.