जुन्या कवाडाचा घडीचा बार: पॉलिशवरून अडलंय

सांगलीची_सून
गावभागातल्या आमच्या जुन्या घराचं सागवानी दार 2019 च्या पुरात पाण्यात होतं. प्लायचं कपाट पापडासारखं फुगलं, दाराला मात्र ढिम्म काही झालं नाही. तेव्हापासून दोन्ही कवाडं माडीवर पडून आहेत.

मार्चमध्ये ह्यांची चाळिशी. गच्चीवर नेता येईल असा घडीचा बार घरीच करायचाय. सासऱ्यांना (आम्ही मामा म्हणतो) सुतारकामाची हौस दांडगी, पण गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळं घरात त्याचं नाव 'सरबताचं काउंटर'. रंधा मामा मारणार, पॉलिश पेपर मी आणि नववीतले चिरंजीव.

समोरची बाजू 4 फुटी, दोन पाखे दीड-दीड फुटाचे, बिजागरीवर आत मिटणारे. उंची 42 इंच. वरची फळी सुटी. जिना सव्वादोन फुटी, त्यात वळण. सगळं सागाचं केलं तर उचलणार कोण? आणि मामांना चपड्याचंच पॉलिश हवंय. टिकेल का ओ?

रंधा_पटाशी
ताई, साग फक्त वरच्या फळीला. सव्वा इंच जाडीची असेल तर तीच पंधरा किलोच्या घरात जाईल. बाकी 12 मिमी प्लाय, कडांना सागाच्या पट्ट्या. पाखे मिटल्यावर मधे फूटभर जागा उरते, एकावर एक चढत नाहीत, म्हणजे माप बरोबर धरलंय.

बिजागरी पूर्ण उंचीची पियानो घ्या, तीन-तीन इंची नको. पाख्यांना आतून रिपा मारून त्यावर मधली फळी नुसती ठेवायची, पण ती अगदी मापात बसली पाहिजे, सुताचाही फरक नको. तिनंच पाखे काटकोनात अडकतात. चाकं लावू नका, गच्चीला पाण्याचा उतार असतो.

करवत लावण्याआधी कवाडावर लोहचुंबक फिरवा. जुन्या दारात मोडके खिळे असतातच.

तंबोरा_मिरज
चपडा म्हणजे लाख, आणि ती स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. बारवर पेग सांडला की पॉलिश पाघळणार. पाहुण्यांच्या आधी फळीलाच चढायची! ओल्या ग्लासचे पांढरे गोल उठतील ते वेगळेच.

वरच्या फळीला मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारा. साग तेलकट असतो, आधी थिनरनं पुसून घ्या. समोरच्या पट्ट्यांवर मात्र मामांना मलमलच्या बोळ्यानं चपडा मनसोक्त लावू दे, त्याच्यासारखी झळाळी दुसऱ्या कशाला नाही. आमच्याकडं सतारींवर वर्षानुवर्षं टिकतो. सतारीवर कुणी रम सांडत नाही (सांडू नये).

आगाऊ_सातारकर
पिण्याचा परवाना काढलाय न्हवं? बिअर-वाइनला 21 पूर्ण, कडक मालाला 25. चिरंजीवांना पॉलिश पेपरच बरा.

सांगलीची_सून
परवान्याचं ह्यांच्यावर सोपवलंय. चुंबक फिरवला, अकरा खिळे निघाले, आणि सांध्यांतनं पुराचा वाळका गाळ. चिरंजीवांनी तो काडेपेटीत भरून ठेवलाय, का ते विचारू नका.

तंबोरावाल्यांचा प्रतिसाद मामांना मोठ्यानं वाचून दाखवला. चष्मा पुसत म्हणाले, "सरबतानं कुठं विरघळतोय चपडा?"