लेव्हल ४च्या टॅक्सी रस्त्यावर, मग लेव्हल ५चं घोडं कुठे अडलंय?

चक्रधर (धागाकर्ता)

गाडी स्वतः चालण्याच्या प्रकारांना ० ते ५ अशा लेव्हल दिलेल्या आहेत. वेमोच्या (गूगलच्या अल्फाबेट समूहातली कंपनी) लेव्हल ४च्या टॅक्सी अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये ऑक्टोबर २०२०पासून स्टेअरिंगमागे कोणी नसताना सर्वसामान्य प्रवाशांना नेताहेत. सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४मध्ये प्रतीक्षायादीही काढून टाकली. होंडाने मार्च २०२१मध्ये जपानात लेव्हल ३ची गाडी आणली, मर्सिडीजला त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीत मान्यता मिळाली. तरीही बहुतेक लोक विकत घेतात त्या गाड्यांत फार तर लेव्हल २ असतं.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ३, ४, ५ या सारख्या उंचीच्या पायऱ्या आहेत का? अडचण सेन्सरची की सॉफ्टवेअरची? आणि 'माणसापेक्षा सुरक्षित' हे कशाच्या जोरावर ठरवतात? 'पाच वर्षांत येणारच' छापाची भाकितं कृपया नकोत, ती उदंड झाली.

लंबक

मुळात त्यांना पायऱ्या समजणं हीच गोची आहे. या लेव्हल ठरवणारं एसएईचं (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) जे३०१६ मानक गाडी किती हुशार आहे ते मोजत नाही. ते विचारतं की रस्त्यावर लक्ष कोणाचं, यंत्रणा हरली की गाडी कोण सांभाळणार, आणि हे सगळं कुठल्या परिस्थितीपुरतं. या शेवटच्या भागाला ओडीडी म्हणतात: कोणते रस्ते, किती वेग, कसलं हवामान, दिवस की रात्र.

लेव्हल २मध्ये स्टेअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर गाडी सांभाळते, पण लक्ष माणसानेच ठेवायचं. लेव्हल ३मध्ये ओडीडीच्या आत लक्ष गाडीचं, मात्र तिने हाक मारली की माणसाने ताबा घ्यायचा. लेव्हल ४मध्ये हाक मारायला कोणी नाही, गाडीने स्वतःच सुरक्षित जागी थांबायचं. लेव्हल ५ म्हणजे हेच, फक्त ओडीडीची मर्यादा काढलेली. म्हणजे ३ आणि ४मध्ये अंतर आहे ते हरल्यानंतर काय करायचं याचं, आणि ४ आणि ५मध्ये आहे ते व्याप्तीचं. एका आवारात ठरलेल्या वाटेवर २० किमी वेगाने फिरणारी शटलसुद्धा लेव्हल ४च, त्यामुळे नुसता आकडा ऐकून काही कळत नाही.

लेव्हल ३चा त्रास आकड्यात बघा. संयुक्त राष्ट्रांचा आर१५७ नियम सांगतो की ताबा मागितल्यावर किमान १० सेकंद गाडीने स्वतः चालवत राहायचं, त्यानंतरच थांबण्याची हालचाल सुरू करायची (समोर धोका असेल तर अर्थातच आधी). ताशी ६० किमीला १० सेकंदांत १६७ मीटर जातात. जानेवारी २०२३पासून हा नियम १३० किमीपर्यंत परवानगी देतो, तिथे ३६१ मीटर जातात. एवढ्या लांबचं बारीकसारीक कोणताच सेन्सर खात्रीने पाहत नाही. म्हणजे १० सेकंदांत जे काही समोर येईल ते गाडीनेच निभावायचं, आणि ते जमत असेल तर ती लेव्हल ४च्या उंबरठ्यावरच आली. म्हणून माझ्या मते ३ हा आडवाटेचा थांबा आहे, फार काळ टिकणार नाही.

हो, आणि लेव्हल ५ची व्याख्यासुद्धा सरासरी कुशल चालक जिथे गाडी चालवू शकेल तिथपर्यंतच जाते. पुराच्या पाण्यात ५वालीनेही थांबायचंच आहे.

काचबिंदू

सेन्सरचं मी घेतो. आधी थांबायचं अंतर काढू. ताशी १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. ओळखणे, ठरवणे आणि ब्रेकमध्ये दाब येणे याला अर्धा सेकंद धरा: १८ मीटर. कोरड्या रस्त्यावर ६ मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग कमी केला तर आणखी १०९, ओल्यावर ४ने केला तर १६३. म्हणजे ओल्या रस्त्यावर सुमारे १८० मीटरवरची वस्तू आत्ताच दिसली पाहिजे.

आता रस्त्यात ट्रकच्या टायरचा फाटलेला तुकडा पडलाय असं समजा. काळा, १५ सेंमी उंच. लायडारच्या (लेसर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) दोन ओळींत ०.१ अंशाचं अंतर असेल तर १८० मीटरवर त्या ओळी ३१ सेंमी दूर पडतात. तुकड्यावर फार तर एक ओळ पडेल, बऱ्याचदा एकही नाही, आणि काळं रबर प्रकाश परत पाठवतं तेही जेमतेम. ७७ गिगाहर्ट्झचा रडार वेग थेट मोजतो, पण साध्या रडारला उंची नीट कळत नाही. वरचा पूल, फलक, गटाराचं झाकण आणि उभी गाडी त्याला सारखीच 'स्थिर' दिसतात, म्हणून पुढच्या गाडीनुसार वेग राखणाऱ्या जुन्या क्रूझ कंट्रोलमध्ये स्थिर प्रतिध्वनी सरळ गाळून टाकत. कॅमेऱ्याला तुकडा दिसेल, पण सूर्य समोर असला किंवा काचेवर चिखल असला की तोही गेला.

तिन्ही एकत्र वापरतात ते यासाठीच की तिन्ही एकाच वेळी, एकाच कारणाने फसत नाहीत. वेमोच्या जॅग्वारवर २९ कॅमेरे, ५ लायडार, ६ रडार आहेत, पुढच्या पिढीत ते १३, ४ आणि ६ केले. सेन्सर पुसायची-धुवायची सोयही गाडीतच लागते. फवारा बंद पडला तर गाडीने तो दोष मानून थांबायला हवं.

'पुढच्या अपडेटने माझी गाडी लेव्हल ४ होईल' असं मानणाऱ्यांनी ब्रेककडे बघावं. साध्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं तर दुसरी ब्रेकयंत्रणा म्हणजे चालकाचा पाय. तो काढून घेतला की दुसरा ब्रेक, स्टेअरिंगला दुसरी मोटर किंवा निदान मोटरमध्ये तारेची दोन स्वतंत्र वेटोळी (वाइंडिंग), वेगळा वीजपुरवठा आणि दुसरा संगणक लागतो. अपडेटमधून मोटर येत नाही.

शेवटचा टक्का

काचबिंदूंशी सहमत, तरी गाडी जास्त वेळा फसते ती दिसलेल्याचा अर्थ लावताना.

डिसेंबर २०२३, फिनिक्स. एक पिकअप उलट्या बाजूने ओढून नेत होते, शिवाय तो टो करणाऱ्या ट्रकच्या मागे तिरका, दोन लेनवर पसरलेला. वेमोच्या एका गाडीने त्याला धडक दिली, काही मिनिटांत दुसरीनेही त्यालाच. पिकअप व्यवस्थित दिसत होता. तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, म्हणून तो पुढे कुठे जाईल हा अंदाज चुकला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यासाठी ४४४ गाड्यांचं सॉफ्टवेअर रिकॉल करावं लागलं. मे २०२४मध्ये गल्लीतल्या लाकडी विजेच्या खांबाला धडक. खांब फुटपाथवर नसून रस्त्याच्याच पातळीवर उभा होता, नकाशात तिथे रस्त्याची पक्की कड नव्हती, आणि सॉफ्टवेअरने खांबाला 'आपटलं तर नुकसान' याचे गुण कमी दिले होते. रिकॉल ६७२ गाड्यांचा.

उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीची २०१८ची अमेरिकेतल्या टेम्पीमधली दुर्घटना या विषयात वाचायलाच हवी. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी सापडली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी 'इतर', कधी सायकल ठरवत राहिली, आणि वर्ग बदलला की आधीच्या हालचालीचा माग पुसला जाई. त्यामुळे ती रस्ता ओलांडतेय हे समजेपर्यंत वेळ संपली.

आणि लंबकांच्या 'हरल्यानंतर काय' या मुद्द्याचं सर्वांत वाईट उदाहरण: ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. दुसऱ्या गाडीने उडवलेली पादचारी क्रूझच्या (जनरल मोटर्सची चालकरहित टॅक्सी कंपनी) गाडीसमोर पडली. गाडी धडकून थांबली. इथपर्यंत ठीक म्हणू. मग तिने ठरल्याप्रमाणे बाजूला जाऊन उभं राहायला सुरुवात केली आणि खाली अडकलेल्या व्यक्तीला सुमारे २० फूट फरपटत नेलं. म्हणजे सुरक्षित थांबण्याच्या हालचालीनेच इजा वाढवली.

चक्रधर

ब्रेकचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. तिसरा प्रश्न राहिला.

लंबक

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६मध्ये केलेला हिशोब सोपा आहे. अमेरिकेत १० कोटी मैलांमागे १.०९ मृत्यू असं धरलं. शून्य मृत्यू होऊनही '९५ टक्के खात्रीने आम्ही याहून वाईट नाही' म्हणायला ३ला त्या दराने भागा: २७.५ कोटी मैल. एकही मृत्यू झाला की अट आणखी वाढते. त्यात मोठं सॉफ्टवेअर बदललं तर जुने मैल धरायचे की नाही हा वाद आहेच.

म्हणून व्यवहारात एअरबॅग उघडलेले आणि इजा झालेले अपघात मोजतात, ते जास्त घडतात आणि आकडा लवकर स्थिरावतो. तुलना मात्र त्याच शहरातल्या, त्याच प्रकारच्या रस्त्यांवरच्या माणसांशी हवी. हायवेचे मैल मिसळले की कोणीही सज्जन दिसतो. कॅलिफोर्नियाचे 'चालकाने किती वेळा ताबा घेतला' हे आकडे कंपन्यांच्या तुलनेसाठी बिनकामाचे आहेत, कारण ताबा कधी घ्यायचा ते प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. टेस्लाच्या एफएसडी (फुल सेल्फ-ड्रायव्हिंग) यंत्रणेचे मैलही इथे चालत नाहीत. नावातच 'सुपरवाइज्ड' म्हणजे देखरेखीखाली असं आहे, ते माणूस अधिक यंत्र या जोडीचे मैल आहेत.

काचबिंदू

अवांतर: रिकाम्या टॅक्सीमागे दूरवर माणसं बसलेली असतात म्हणून काही जण 'हे रिमोट कंट्रोल आहे' म्हणतात. नेटवर्कच्या विलंबामुळे शहरातल्या वाहतुकीत तसं चालवणं धोक्याचं ठरेल. वेमोत गाडी प्रश्न विचारते: ही लेन बंद आहे का, या शंकूंच्या कोणत्या बाजूने जाऊ? माणूस उत्तर देतो किंवा मार्ग सुचवतो, तो घ्यायचा की नाही ते गाडी ठरवते. एका माणसामागे किती गाड्या, यावर धंद्याचं गणित बसतं.

चक्रधर

आणि मर्सिडीजची लेव्हल ३ पावसात चालते का?

काचबिंदू

नाही. चाकाच्या कमानीत ओलाव्याचा सेन्सर आहे, रस्ता ओला लागला की यंत्रणा ताबा परत मागते. सायरन ऐकायला मायक्रोफोनही आहेत. जर्मनीत नंतर ९५ किमीपर्यंत परवानगी मिळाली, पण उजव्या लेनमध्ये आणि पुढे गाडी असेल तरच.